परराज्यातलं जुनं पार्किंग चलान कोल्हापुरात बसून कसं मिटवायचं

कागल ओलांडलं की कोगनोळी, आणि कोगनोळीला कर्नाटक सुरू. कोल्हापुरातून निपाणी चाळीसेक किलोमीटर, बेळगाव एकशे दहाच्या आसपास. लग्नाच्या खरेदीला, दवाखान्याला, नाहीतर नुसतंच पाहुण्यांकडं म्हणून एमएच ०९ ची गाडी सतत सीमेपलीकडं जात असते. गोवा तर शनिवार-रविवारचाच. तिथं गल्लीत जागा दिसली म्हणून गाडी लावायची, तासाभरानं परत यायचं. काचेवर काही चिकटवलेलं नसतं, म्हणून विषय संपला असं वाटतं. मग दोन-तीन वर्षांनी गाडी विकायला काढली की एजंट नंबर टाकून बघतो आणि सांगतो, "दादा, कर्नाटकचं एक पेंडिंग दाखवतंय."

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, किती रुपये? रक्कम नंतर बघता येते. आधी शोधायचं ते हे, की चलान आज आहे कुणाकडं: पोलिसांकडं, व्हर्च्युअल कोर्टात (चलानं ऑनलाइन निकाली काढणाऱ्या कोर्टात), की नेहमीच्या कोर्टात. तिन्हीकडं भरायच्या वाटा वेगळ्या आहेत. चुकीच्या दारात गेलं की पोर्टल नुसतं 'नो रेकॉर्ड फाउंड' म्हणतं, आणि त्यावरून 'माफ झालं वाटतं' असा अर्थ काढून लोक गप्प बसतात. ते माफ झालेलं नसतं, पुढच्या टेबलावर गेलेलं असतं.

मेसेजवरून सुरुवात करू नका

चलान आहे हे तुम्हाला व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवरून कळलं असेल, तर आधी तो मेसेज खरा का ते बघा. 'तुमच्या वाहनाचं चलान पेंडिंग आहे, तपशिलासाठी ॲप उतरवा' असा मेसेज आणि सोबत 'आरटीओ चलान' किंवा 'एमपरिवहन' अशा नावाची एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल, हा उघड फसवणुकीचा प्रकार आहे. ती फाइल मोबाइलमध्ये बसली की तुमचे एसएमएस वाचते, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा वाचते. कोणतंही पोलीस खातं चलानाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही.

दुसरा प्रकार लिंकचा. पत्त्यात 'ईचलान' आणि 'परिवहन' हे दोन्ही शब्द असतात, पण शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' नसतो. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचायचा. खऱ्या सरकारी एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि 'जी' हे इंग्रजी अक्षर असतं. तरीसुद्धा लिंकवर बोट ठेवूच नका, पत्ता स्वतः टाइप करा.

एपीके आधीच उघडली असेल तर क्रम असा: मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवणं, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. चलानाचं नंतर बघू.

हातात नेमकं काय आहे?

'पार्किंगची पावती' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

वाहतूक पोलिसांचं ई-चलान हे खरं चलान. ते गाडीच्या नंबरावर चढतं आणि या लेखातलं बाकी सगळं त्याच्याबद्दल आहे.

पे-अँड-पार्कच्या ठेकेदाराची पावती ही निव्वळ सेवाशुल्काची पावती. तीस रुपये न देता तुम्ही निघून आला असाल तर ते तुमच्या आणि ठेकेदाराच्या मधलं. आरटीओच्या रेकॉर्डवर त्याचा मागमूस नसतो. मॉलमध्ये तिकीट हरवल्याबद्दल मागितलेली जादा रक्कमही त्यातलीच.

तिसरी गोष्ट टोइंगची. क्रेननं उचललेली गाडी तुम्ही पैसे भरून सोडवून आणली असेल, तर त्या पावतीवर दोन आकडे असायला हवेत: ओढून नेण्याचा खर्च आणि दंड. नुसता ओढण्याचा खर्च घेतलेला असेल आणि दंड ई-चलानावर टाकलेला असेल, तर 'मी तर तेव्हाच पैसे भरले' हे तुमच्या दृष्टीनं खरं असूनही चलान उघडं राहतं. जुनी पावती सापडली तर हे आधी तपासा.

भाड्यानं घेतलेल्या गाडीचं चलान मालकाच्या नावावर जातं. गोव्यातला रेंटवाला ते डिपॉझिटमधून कापून घेतो किंवा फोन करून मागतो. त्याच्याकडून चलान नंबर मागून घ्या, पोर्टलवर बघा, मगच पैसे द्या.

शोध: आरसी समोर ठेवून बसा

आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरून, दोन गोष्टी लागतात: चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक-अक्षरं. स्मार्ट कार्डवर ती बारीक छापलेली असतात. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गोंधळ होतो. डिजिलॉकरमधली आरसी मोठी करून वाचणं सोपं.

१. ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन उघडा आणि चलान स्टेटसचा पर्याय घ्या. चलान नंबर, वाहन नंबर आणि लायसन्स नंबर अशा तिन्ही प्रकारे शोधता येतं. वाहन नंबरानं सुरुवात करा. नंबर सलग टाकायचा, मध्ये जागा किंवा रेघ नको.

२. मग लायसन्स नंबरानं पुन्हा शोधा. पोलिसानं समोर उभं करून लायसन्स घेतलं असेल तर नोंद त्यावरही असू शकते.

३. कर्नाटकाचं असेल तर इथं थांबू नका. बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांची स्वतःची वेबसाइट आणि ॲप आहे, आणि 'कर्नाटक वन' या राज्याच्या पोर्टलवर पोलिसांचा दंड भरायची सोय आहे. केंद्राच्या पोर्टलवर न दिसलेलं चलान इथं सापडू शकतं. हैदराबादला जाऊन आला असाल तर तेलंगण पोलिसांचं पोर्टल वेगळं आहे.

४. महाराष्ट्राचं 'महाट्रॅफिक' पोर्टलही एकदा बघून घ्या. त्यावर परराज्याचं काही मिळणार नाही, पण दाभोळकर कॉर्नरचं किंवा पुण्याचं एखादं निघालं तर एकाच बैठकीत कळतं.

केंद्राच्या पोर्टलवर चलान नंबरची पहिली दोन अक्षरं बहुतेक वेळा राज्याची असतात, उदाहरणार्थ केए किंवा जीए. एजंटनं 'कर्नाटकचं आहे' म्हटलं तरी ही दोन अक्षरं स्वतः बघा.

इथं बहुतेकांची गाडी अडते ती ओटीपीला. आरसीवर नोंदलेला मोबाइल नंबर तुमचा नसतोच. गाडी घेताना शोरूममधल्या पोरानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकाचा. चलान निघाल्याचा एसएमएस गेला होता, तो त्यांना गेला. दोन वर्षं काही कळलं नाही याचं कारण बहुधा हेच. परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. वाहन नंबर, चॅसिस, इंजिन, नोंदणीची तारीख असे तपशील आरसीवर आहेत तसेच भरायचे आणि आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायची. आधारवरचं आणि आरसीवरचं नाव जुळत नसेल ('पाटील' आणि 'पाटिल' एवढाही फरक पुरतो) तर ऑनलाइन अर्ज अडतो आणि ताराबाई पार्कातल्या आरटीओत जावं लागतं. हे काम चलानाच्या आधी करा.

चलान उघडल्यावर काय वाचायचं

पहिल्यांदा फोटो. त्यात नंबर प्लेट वाचता येते का, गाडीचा मेक आणि रंग तुमचाच आहे का, आणि गाडी जिथं उभी आहे तिथं 'नो पार्किंग'चा फलक दिसतो का. बाजारपेठेच्या गल्ल्यांत सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. एकाच जागी सोमवारी बरोबर आणि मंगळवारी चूक. त्यामुळं तारीखही बघा.

मग कलम. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १२२ धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीनं गाडी सोडून जाण्याबद्दल आहे आणि कलम १७७ ही सर्वसाधारण दंडाची तरतूद. पार्किंगची बहुतेक चलानं या जोडीवर असतात. १७७ खाली पहिल्या वेळी १०० आणि पुन्हा केल्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता; १ सप्टेंबर २०१९ पासून तो ५०० आणि १५०० पर्यंत झाला. कोर्टाबाहेर तडजोडीनं किती घ्यायचे हे कलम २०० खाली प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, म्हणून बेळगावचा आकडा आणि कोल्हापूरचा आकडा जुळत नाही. त्यात कुणी फसवत नाहीये.

कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचं २८५ (किंवा जुन्या चलानात आयपीसी, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २८३) दिसलं, तर तो सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याचा गुन्हा. आयपीसीत त्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता, न्याय संहितेत ५,००० पर्यंत आहे. असं प्रकरण पोर्टलवर 'पे नाऊ' दाबून संपत नाही. ते कोर्टातच जातं.

कागद कन्नडमध्ये असेल तर घाबरायचं कारण नाही. लिपी वेगळी आहे, शब्द ओळखीचे आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करता येतं, किंवा निपाणी-संकेश्वरकडच्या कुणाकडून नुसतं मोठ्यानं वाचून घ्या, अर्धं आपोआप कळेल. 'वाहन संख्ये' म्हणजे गाडीचा नंबर, 'दिनांक' म्हणजे दिनांकच, 'स्थळ' म्हणजे स्थळ, 'दंड' म्हणजे दंड, 'रशीदि' म्हणजे पावती. एक शब्द लक्षात ठेवायचा तो 'मोत्त', म्हणजे रक्कम. आणि 'संचारि पोलिस ठाणे' असं जिथं लिहिलंय तेच तुमचं वाहतूक पोलीस ठाणं. त्याचं नाव टिपून ठेवा, पुढं लागेल.

चलान आहे कुणाच्या टेबलावर?

*पोलिसांकडं असेल तर*

स्टेटस 'पेंडिंग' आणि शेजारी पैसे भरायचं बटण, म्हणजे अजून पोलिसांकडं आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार. तिथंच भरायचं. पोर्टल तुम्हाला त्या त्या राज्याच्या पेमेंट गेटवेवर नेतं, त्यामुळं स्क्रीनचं रंगरूप बदललं तरी गोंधळू नका. पत्ता मात्र पुन्हा वाचा.

कर्नाटकात अधूनमधून थकीत चलानांवर सवलत लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२५ या काळात निम्मी रक्कम माफ होती. भरायच्या आधी अशी सवलत चालू आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. पण गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुम्ही अडीचशे रुपयांच्या सवलतीची वाट बघताय, असं करू नका.

*व्हर्च्युअल कोर्टात असेल तर*

ठरलेल्या मुदतीत न भरलेलं चलान पोलीस कोर्टाकडं पाठवतात. पोर्टलवर 'सेंट टू कोर्ट' किंवा त्या अर्थाचं काही दिसतं आणि भरायचं बटण गायब होतं. आता दार बदललं: व्हीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन.

तिथं आधी राज्य आणि खातं निवडायचं. इथं चूक होते ती अशी, की माणूस कोल्हापूरचा म्हणून महाराष्ट्र निवडतो. गाडी कुठली हे इथं बघायचं नाही, चलान कुठं झालं ते बघायचं. एकाच राज्याची दोन-दोन खाती असतात, वाहतूक पोलीस वेगळं आणि परिवहन खातं वेगळं. एकात नाही मिळालं तर दुसऱ्यात बघा. शोध मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रकरणाचा क्रमांक), नाव किंवा चलान-वाहन नंबरानं होतो. चलान नंबर सगळ्यात खात्रीचा. नावानं शोधू नका: कन्नडमधून इंग्रजीत आलेलं आपलं आडनाव आपल्यालाच ओळखू येत नाही.

प्रकरण उघडलं की न्यायाधीशांनी प्रस्तावित केलेला दंड दिसतो आणि दोन पर्याय येतात: प्रस्तावित दंड भरतो, किंवा खटला लढवतो. हे दुसरं बटण चुकून दाबू नका. 'काँटेस्ट' दाबलं की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात जातं आणि घरबसल्या भरायची वाट बंद होते. चलान खरोखर तुमचं नाही आणि तुम्ही बेळगाव किंवा पणजीच्या कोर्टात तारखेला उभं राहायला तयार आहात, तरच ते दाबा. दंडाचा आकडा पोलिसांच्या आकड्यापेक्षा वेगळा असू शकतो. तो कोर्टाचा निर्णय असतो.

*नेहमीच्या कोर्टात गेलं असेल तर*

व्हर्च्युअल कोर्टात 'ट्रान्सफर्ड टू रेग्युलर कोर्ट' असं दिसतं, म्हणजे ऑनलाइन वाट संपली. सीएनआर नंबर टिपून घ्या. तो सोळा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची असतात. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर तो टाकला की कोणत्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं आहे, पुढची तारीख काय, समन्स निघालं का, हे सगळं कळतं.

इथं कोल्हापुरात दोन गैरसमज हमखास ऐकू येतात. पहिला, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात लोकअदालत भरली की तिथं सगळी चलानं मिटतात. मिटतात, पण इथली. बेळगावचं प्रकरण बेळगावच्या लोकअदालतीतच येईल. राष्ट्रीय लोकअदालत बहुतेक वर्षी चार वेळा, सगळ्या देशात एकाच दिवशी असते, त्यामुळं तारीख इथल्या नोटिशीवरूनही कळते. जायचं मात्र तिकडं. दुसरा गैरसमज, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय तर तिथं काही होईल. ते मुंबई उच्च न्यायालयाचं आहे, कर्नाटकातल्या चलानाशी त्याचा संबंध नाही.

मग उरतं काय? तारखेला स्वतः जाणं, वकिलामार्फत हजर होणं, किंवा कायद्यातली एक जुनी, फारशी कुणाला माहीत नसलेली सोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार अशा किरकोळ गुन्ह्याच्या समन्समध्येच कोर्ट लिहू शकतं, की अमुक तारखेच्या आत गुन्हा कबूल करून अमुक रक्कम मनीऑर्डरनं पाठवा. कबुली मनीऑर्डरच्या कूपनवरच लिहायची. समन्स हातात आलं तर पाठीमागचा बारीक मजकूर त्यासाठी वाचा. ही सोय समन्समध्ये लिहिलेली असेल तरच आहे. आपण होऊन पैसे पाठवू नयेत.

वकील लावायचा का, याचं उत्तर साधं गणित आहे. पाचशे-हजाराच्या दंडाला तिथल्या वकिलाची फी दंडापेक्षा जास्त. बेळगावला सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा स्वतः जाणं परवडतं. बेंगळुरू किंवा हैदराबाद असेल तर वकील स्वस्त पडतो.

स्वतः जाताना आरसी, लायसन्स, आधार, चलानाची प्रिंट, सीएनआर लिहिलेला कागद, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घ्या. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तुम्ही जाऊन चालेलच असं नाही. समन्स ज्यांच्या नावानं आहे त्यांनाच नेणं बरं. सकाळी कोर्ट बसायच्या आधी त्या कोर्टाच्या बेंच क्लार्कला भेटून आपलं प्रकरण बोर्डावर (त्या दिवसाच्या यादीत) आहे का विचारा. नसलं तर ते घेता येईल का, हेही तोच सांगतो. बेळगावात मराठी चालतं, हुबळीला हिंदीवर भागतं. पुकारा झाला की गुन्हा कबूल आहे का असं विचारतात. हो म्हटलं की दंड सांगतात, तो भरायचा, पावती घ्यायची. 'साहेब, फलक नव्हता, पण दंड भरतो' असं अर्धवट बोलू नका. कबुली म्हणजे कबुली. फलकाचं म्हणणं मांडायचं असेल तर खटला लढवावा लागतो.

जुनं झालं म्हणजे बाद झालं का?

फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची कोर्टानं दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. म्हणून 'सहा महिने झाले, आता काही होत नाही' असं सांगणारे भेटतात. यात तथ्य आहे, पण दोन अटींसह. एक, चलान सहा महिन्यांच्या आत कोर्टाकडं गेलं असेल तर मुदतीचा मुद्दा उरत नाही, मग निकाल पाच वर्षांनी लागो. दोन, योग्य कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं.

आणि समजा मुद्दा शंभर टक्के तुमच्या बाजूचा आहे, तरी तो कोर्टासमोर मांडायचा मुद्दा आहे. आरटीओचा संगणक कायद्याची पुस्तकं वाचत नाही. त्याला चलान पेंडिंग दिसलं की तो एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) अर्ज थांबवतो. पाचशे रुपयांचं एकच चलान असेल तर भरून मोकळं व्हावं. टॅक्सी किंवा टेम्पोवर वीस-पंचवीस जुनी चलानं साठली असतील, तर मात्र मुदतीचा मुद्दा घेऊन वकिलाकडं बसण्यात अर्थ आहे.

तुरुंगाची भीती कुणी घातली तर दुर्लक्ष करा. १२२ आणि १७७ च्या पार्किंगला तुरुंगवास नाही. समन्स हातात पडूनही हजर न राहणं ही वेगळी गोष्ट, त्यातून वॉरंट निघू शकतं.

चलान तुमचं नसेल तर

नंबर चुकीचा वाचला जाणं हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. ०९ चं ०८ होतं, डीचं ओ होतं. फॅन्सी प्लेटवर 'दादा' किंवा 'राज' वाचता यावं म्हणून आकडे वाकवलेले असतील तर विचारूच नका. फोटोत गाडी वेगळी दिसत असेल तर काम सोपं: ई-चलान पोर्टलवरच्या तक्रारीच्या पर्यायात चलान नंबर, तुमच्या गाडीचे समोरून आणि मागून फोटो, आरसीची प्रत जोडून पाठवायचं. मजकूर इंग्रजीत, चार ओळींत. 'चलानातल्या फोटोत पांढरी हॅचबॅक आहे, माझ्या आरसीवर राखाडी सेडान आहे' एवढं पुरतं. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

फोटोत गाडी तुमच्यासारखीच असेल आणि तुम्ही तिकडं गेलाच नसाल, तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. हे गंभीर आहे, कारण आज पार्किंग आहे, उद्या अपघात असेल. आधी बारकावे शोधा: तुमच्या गाडीवरचा पोचा, छतावरचं कॅरिअर, मागच्या काचेवरची जोतिबाची अक्षरं, प्लेटवर एचएसआरपीचा (सरकारमान्य सुरक्षा नंबरप्लेटचा) होलोग्राम आहे की नाही. मग त्या वेळी तुमची गाडी कुठं होती याचा पुरावा. चारचाकीला सगळ्यात भक्कम पुरावा फास्टॅगचं स्टेटमेंट. चलान हुबळीचं सकाळी साडेअकराचं आणि तुमच्या फास्टॅगवर कोल्हापूरजवळच्या किणी टोलनाक्याची अकरा वाजून पाच मिनिटांची नोंद असेल, तर आणखी काही बोलायची गरज नाही. दुचाकीला फास्टॅग नाही. तिथं सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड, पंपावरचं बिल, कंपनीच्या गेटवरची नोंद, सोसायटीचा सीसीटीव्ही असं जे मिळेल ते. हे घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती पोच त्या राज्याच्या तक्रारीला जोडा. या प्रकरणात 'जाऊ दे, भरून टाकतो' म्हणू नका. भरलं म्हणजे गाडी माझीच होती असं मान्य केल्यासारखं होतं.

तिसरा प्रकार विकलेल्या गाडीचा. स्टॅम्प पेपरवर करार झाला, पैसे मिळाले, पण नावावर करून घ्यायचं राहिलं. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावानंच येतं. घेणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून भरून घ्या आणि त्याच दिवशी फॉर्म २९ आणि ३० भरून नावबदल मार्गी लावा. नाहीतर पुढचं चलानही तुम्हालाच.

पैसे भरताना आणि भरल्यावर

पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर 'पेंडिंग'च, हे परराज्याच्या गेटवेवर नेहमीचं आहे. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासायचा पर्याय असतो. तिथं चलान किंवा व्यवहार क्रमांक टाकून स्थिती ओढून घ्या. तीन-चार कामाचे दिवस थांबा. पैसे परत आले तर पुन्हा भरा. परतही नाहीत आणि पावतीही नाही, तर बँकेकडून यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक) घेऊन त्यासह तक्रार नोंदवा. दोनदा भरलेले पैसे दुसऱ्या राज्याच्या तिजोरीतून परत मिळवणं म्हणजे चलानापेक्षा मोठं काम.

कोर्टात भरलं असेल तर अडचण उलटी असते: कोर्टात प्रकरण निकाली, पोर्टलवर अजून उघडं. दोन्ही यंत्रणांची जोडणी नेहमी वेळेवर होत नाही. म्हणून बेळगावहून निघण्याआधी कोर्टाची पावती घेऊन त्या 'संचारि पोलिस ठाण्या'त जा आणि तिथल्या संगणकावर चलान बंद करून मागा. पुन्हा एकशे दहा किलोमीटर यायचं नसेल तर हे त्याच दिवशी. राहिलंच तर पावतीचा फोटो जोडून पोर्टलवर तक्रार टाका.

एनओसी किंवा नावबदलाचा अर्ज करायच्या आधी स्टेटस 'डिस्पोज्ड' किंवा 'पेड' झालंय याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. आरटीओच्या खिडकीवर कर्मचाऱ्याला जुनंच पेंडिंग दिसत असेल तर पावती आणि हा स्क्रीनशॉट दोन्ही दाखवता येतात. काउंटरवर मिळालेली पावती थर्मल कागदाची असेल, म्हणजे गुळगुळीत आणि नखानं ओरखडल्यावर काळी रेघ उठणारी, तर तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात उन्हाळाभर ठेवली की ती कोरी होते.